एनर्जी हार्वेस्टिंगमध्येच करिअर करावं का? अनुभवी मंडळींचं मत हवंय

सूक्ष्मवॅट

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय.

मी इलेक्ट्रॉनिक्स इंजिनियर आहे. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला पिएझो पट्टी (वाकली की वीज देणारी) घेतली होती. एक टोक घट्ट धरलेलं, दुसऱ्या टोकाला छोटं वजन आणि खाली हादरे देणारा शेकर. तेव्हापासून या विषयाने, म्हणजे आजूबाजूच्या कंपनांतून, प्रकाशातून, उष्णतेतून थोडीशी वीज वेचण्याने, जे धरलंय ते सोडलेलं नाही. सध्या एका लहान कंपनीत स्वतःची वीज स्वतःच मिळवणारे सेन्सर बनवतो. मोटरींवर बसणारे कंपनांवर चालतात, खोल्यांमधले तापमानाचे सेन्सर आतल्या दिव्यांच्या प्रकाशावर. सर्किट, फर्मवेअर, टेस्टिंग, तिन्हीत हात असतो. काम मनापासून आवडतं.

पण कंपनी पुढच्या मॉडेलमध्ये सरळ बॅटरी टाकायच्या विचारात आहे. हार्वेस्टर (वीज वेचणारा भाग) ऐच्छिक राहील म्हणतात. वरिष्ठांचं म्हणणं, हे क्षेत्र कधीचं 'आता येईलच' याच टप्प्यावर अडकलंय. बरोबरचे बहुतेक जण इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जरमध्ये नाहीतर इन्व्हर्टरमध्ये गेले. त्यांचं काम किलोवॅटमध्ये, माझं मायक्रोवॅटमध्ये.

मला विचारायचंय ते असं: या विषयावर आयुष्यभराचं करिअर उभं राहतं का? राहत असेल तर खोलात कुठे जावं, मटेरियलमध्ये, पॉवर मॅनेजमेंटच्या चिपमध्ये, की पूर्ण सेन्सरच्या डिझाइनमध्ये? पीएचडीचा विचारही डोक्यात आहे. या वाटेने गेलेल्यांनी, आणि वाट सोडलेल्यांनीही, जरूर लिहा.

रोहिणी

वाचतेय. मलाही हाच प्रश्न आहे, फक्त मी अजून कॉलेजात आहे.

जुना तंत्रज्ञ

सूक्ष्मवॅट, आधी एक गणित करू, मग करिअरकडे वळू.

तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा हार्वेस्टर नाही, बटणाएवढी सीआर२०३२ बॅटरी आहे. तिची क्षमता साधारण २२५ मिलिअँप-तास, व्होल्टेज ३. म्हणजे सुमारे २४०० ज्यूल. सेन्सर सरासरी १०० मायक्रोवॅट खात असेल तर ही बॅटरी जेमतेम नऊ महिने पुरेल. तोच सेन्सर १० मायक्रोवॅटवर आणलात तर कागदावर सात वर्षांच्या वर जाते. आता यातली गंमत बघा. हार्वेस्टरवर चालावा म्हणून तुम्ही सेन्सरची भूक कमी करत जाता, आणि ती जितकी कमी होते तितकी बॅटरीही जास्त टिकते. तुमची कंपनी बॅटरीकडे वळतेय त्याचं कारण बहुधा हेच. तुमच्याच चांगल्या कामामुळे बॅटरीचं पारडं जड झालंय.

म्हणून कुठल्याही प्रोजेक्टच्या पहिल्या दिवशी विचारायचं, इथे बॅटरी का चालत नाही? 'पर्यावरणासाठी' एवढंच उत्तर मिळालं तर सावध व्हा. 'हा सेन्सर काँक्रीटमध्ये गाडला जाणार आहे', 'इथे गरम पाइप आहे आणि साधी लिथियम बटण बॅटरी साठ अंशांच्या पुढे चालवायची नसते', 'असे हजारो नग आहेत आणि प्रत्येकासाठी शिडी लावून माणूस चढवावा लागतो' असं उत्तर आलं तर काम खरं आहे. अशा जागा कमी नाहीत. फक्त त्या प्रयोगशाळेत बसून सापडत नाहीत, साइटवर जावं लागतं.

करिअरबद्दल माझं मत: प्रत्येक मायक्रोज्यूल कुठून आला आणि कुठे गेला याचा चोख हिशोब ठेवता येणं, हे तुमचं खरं कौशल्य. ते असलेली माणसं फार थोडी आहेत, आणि ते कुठेही चालतं.

धातुविद

जुना तंत्रज्ञ यांचं गणित बरोबर आहे, निष्कर्ष अर्धाच पटला. त्यांच्या हिशोबात हार्वेस्टर आहे तिथेच थांबलाय. मी मटेरियलवाला, म्हणून थोडं लांबून सांगतो.

झेबेकने तापमानाच्या फरकातून वीज तयार होण्याचा परिणाम पाहिला १८२१ मध्ये. बेकरेलने प्रकाशातून, १८३९ मध्ये. पिएर आणि जाक क्युरी या भावांनी पिएझो परिणाम दाखवला १८८० मध्ये. तिन्ही गोष्टी एकोणिसाव्या शतकातल्या. तरी वापरण्याजोगा सिलिकॉन सोलर सेल बेल लॅब्जमधून यायला १९५४ उजाडलं. मटेरियलचं घड्याळ हळूच चालतं, ते प्रॉडक्टच्या घड्याळाशी ताडून बघू नये.

आजचंच बघा. खोलीतल्या प्रकाशासाठी स्फटिकी सिलिकॉन योग्य नाही. त्याचा बँडगॅप (प्रकाशकणात किमान किती ऊर्जा असली की वीज निघते तो आकडा) १.१ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, म्हणजे इन्फ्रारेडही पकडणारा, आणि एलईडीच्या प्रकाशात तर इन्फ्रारेड जवळपास नसतोच. अमॉर्फस सिलिकॉनचा बँडगॅप १.७ च्या आसपास, म्हणून खिशातल्या कॅल्क्युलेटरवर तोच असतो. १९९१ मध्ये ओ'रेगन आणि ग्रेट्सेल यांनी दाखवलेला रंगद्रव्याचा सेल भर उन्हात सिलिकॉनपुढे टिकला नाही, पण मंद प्रकाशात आज तोच डोकं वर काढतोय. पेरोव्हस्काइट या नव्या सोलर मटेरियलवरही जोरात काम सुरू आहे. तिकडे पिएझोमध्ये पीझेडटी या नेहमीच्या सिरॅमिकला पर्याय हवाच आहे, कारण वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त त्यात शिसं असतं. युरोपच्या रोह्स (घातक पदार्थांवरच्या) नियमांत त्याला सवलत आहे, ती कायमची राहील असं धरून कुणी चालत नाही.

आमच्या क्षेत्रातली एक खोड मात्र सांगितलीच पाहिजे. पेपरमध्ये 'ओपन सर्किट २०० व्होल्ट' असं, म्हणजे काहीच लोड न जोडता मोजलेलं, ठळक लिहिलेलं असतं. वाचणारा चकित होतो. पण नमुन्याची कपॅसिटन्स १०० पिकोफॅरड असेल तर त्या २०० व्होल्टमध्ये साठलेली ऊर्जा किती? २ मायक्रोज्यूल! त्यात रेडिओचा एक साधा संदेशही धड जात नाही. पीएचडी करणार असाल तर अशी प्रयोगशाळा शोधा जिथे मार्गदर्शक पहिल्यांदा विचारतील, 'कुठल्या लोडवर, किती वेळ, सरासरी किती पॉवर?'

ओहम

एक भाबडा प्रश्न. रेल्वे स्टेशनवर रोज लाखो माणसं चालतात. जमिनीखाली पिएझो टाकून दिवे का लावत नाहीत? व्हिडिओ तर कितीतरी फिरत असतात.

चक्रधर

ओहम, भाबडा वगैरे काही नाही, हा प्रश्न या विषयात दर वेळी येतो आणि यायलाच हवा.

७० किलोचा माणूस, लादी दबते ५ मिलिमीटर. ७० गुणिले ९.८ गुणिले ०.००५, म्हणजे साधारण ३.४ ज्यूल. ही कमाल मर्यादा झाली, कुठलंच यंत्र सगळी ऊर्जा पकडत नाही. दहा वॅटचा एक दिवा एक सेकंद पेटवायलाच तीन पावलं लागली, तीही शंभर टक्के कार्यक्षमता धरून. लादी जास्त दबवली तर ऊर्जा वाढेल, पण माणसाला वाळूतून चालल्यासारखं वाटेल, कारण ती ऊर्जा त्याच्याच पायातून निघतेय. टोकियो स्टेशनवर जेआर ईस्ट या रेल्वे कंपनीने असे प्रयोग केले होते, लंडनच्या पेव्हजेन कंपनीच्या लाद्या अनेक ठिकाणी बसवल्यात. लोकांना ऊर्जेबद्दल विचार करायला लावणं आणि गर्दी मोजणं, यासाठी त्या छान. छपरावरच्या सोलर पॅनेलशी मात्र तुलना होऊ शकत नाही.

ओहम

आणि गतिरोधकावर बसवलं तर? गाडी तर जडही असते आणि तिला तिथे हळू व्हायचंच असतं.

चक्रधर

उतारावर किंवा थांब्याआधी, जिथे नाहीतरी ब्रेक दाबला जाणार आहे, तिथे थोडा अर्थ आहे. सपाट रस्त्यावर ती ऊर्जा गाडीच्या इंधनातूनच जाते.

उलट जिथे एका दाबाची ऊर्जा एकाच कामाला पुरते, तिथे ही कल्पना सुंदर चालते. सीमेन्समधून २००१ मध्ये वेगळ्या झालेल्या एनओशनचं बिनबॅटरीचं भिंतीवरचं बटण घ्या. बटण दाबलं की आत चुंबकाची दिशा पालटते, गुंडाळीत साधारण २०० मायक्रोज्यूल तयार होतात आणि तेवढ्यात रेडिओचा छोटा संदेश निघतो. एखादा वाटेत हरवू नये म्हणून तो लागोपाठ तीनदा पाठवला जातो. त्या रेडिओ पद्धतीचं २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकही झालं. असं बटण कधी उघडून बघा. आत फार काही नसतं, पण कुणीतरी दर मायक्रोज्यूलसाठी भांडलेलं आहे हे दिसतं.

शलाका

चक्रधर, बटणाचं उदाहरण चपखल. मी कंपनांच्या बाजूची, यंत्रांच्या बेअरिंगवर सेन्सर बसवण्याचं काम करते. सूक्ष्मवॅट, तुमचं निम्मं काम याच भागातलं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

कंपनांचा हार्वेस्टर एका ठरावीक फ्रिक्वेन्सीला जुळवलेला असतो. क्यू (हार्वेस्टर किती नेमकेपणाने एकाच सुरावर घुमतो याचं माप) जितका जास्त तितकी पॉवर जास्त आणि पट्टा अरुंद. ५० हर्ट्झला क्यू १०० असेल तर पट्टा अवघा अर्ध्या हर्ट्झचा. आता चार पोलची इंडक्शन मोटर घ्या. ५० हर्ट्झवर सिंक्रोनस वेग मिनिटाला १५०० फेरे, पण स्लिपमुळे (रोटर नेहमी थोडा मागे राहतो त्यामुळे) ती प्रत्यक्षात १४४० ते १४८० च्या दरम्यान कुठेतरी फिरते आणि लोडप्रमाणे बदलत राहते. फिरण्याच्या फ्रिक्वेन्सीला हार्वेस्टर जुळवला तर तो दिवसभर रेझोनन्सच्या आतबाहेर करत राहतो. म्हणून जाणकार पुरवठ्याच्या दुप्पट फ्रिक्वेन्सी धरतात, म्हणजे १०० हर्ट्झ, आणि ६० हर्ट्झच्या देशांत १२०. चुंबकीय खेचाखेचीचं ते कंपन लोड बदलला तरी हलत नाही.

हे सगळं नीट करूनसुद्धा काय होतं सांगते. एका प्लांटमध्ये आमचे नोड (बिनतारी सेन्सर) उत्तम चालत होते. मग देखभालीत पंपांना व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह) बसवले आणि आम्हाला कुणी कळवलं नाही. पुरवठ्याचीच फ्रिक्वेन्सी बदलायला लागली, ते १०० हर्ट्झ गायब आणि नोड एकेक करून गप्प. सेन्सर बिघडले म्हणून तक्रार आली. जाऊन हात लावला तर पंप मजेत फिरतोय, हार्वेस्टर धडधाकट, फक्त दोघांचा सूर जुळत नाही. तेव्हापासून कुठलीही साइट स्वीकारण्याआधी मी ड्राइव्हची यादी मागते.

रेल्वेत मात्र याच विषयाचं सोनं झालं. साउदॅम्प्टन विद्यापीठातून निघालेल्या पर्पेट्युम कंपनीने चाकाच्या बेअरिंगजवळ कंपनांवर चालणारे सेन्सर बसवले. तिथे हादरे दणदणीत असतात, वायर नेणं कटकटीचं, आणि बेअरिंग वेळेआधी कळलं तर फायदा मोठा. २०२१ मध्ये ती कंपनी हिताची रेलने घेतली. म्हणजे करिअर होतं, पण हार्वेस्टर विकून नव्हे. त्यांचा ग्राहक बेअरिंगची बातमी विकत घेत होता.

जुना तंत्रज्ञ

शलाकाताई, शेवटच्या वाक्याला +१.

सूक्ष्मवॅट

सगळ्यांचे आभार, इतकं तपशिलात कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. शलाकाताई, ड्राइव्हच्या यादीचं उद्याच टीमला सांगतो.

एक तांत्रिक प्रश्न. खोलीतल्या प्रकाशावरचे आमचे काही नोड रात्रभर अंधारात राहिले की सकाळी उठतच नाहीत. प्रकाश पुरेसा असतो, कपॅसिटरचं व्होल्टेज १.८ च्या आसपास जाऊन तिथेच घोटाळतं. हाताने थोडी वीज दिली की छान चालायला लागतात. हा अनुभव कुणाला आहे?

निर्वात

आहे, आणि यात चूक हार्वेस्टरची नाही. जागं होण्यातला हा सापळा आहे.

तुमचा सेल सकाळच्या मंद प्रकाशात देतो समजा ५ मायक्रोअँप. व्होल्टेज हळूहळू चढतं. १.८ ला मायक्रोकंट्रोलर जागा होतो, ऑसिलेटर स्थिर होईपर्यंत, पेरिफेरल लावेपर्यंत त्याला काही क्षण मिलिअँपमध्ये करंट लागतो. तेवढ्यात व्होल्टेज खाली येतं, तो रीसेट होतो, पुन्हा चढतं, पुन्हा उठतो. दिवसभर हेच चालू. स्कोपवर करवतीचे दात दिसतील. पण स्कोप लावताना जपून, एक मेगाओहमचा प्रोब लावलात तर १.८ व्होल्टला तोच जवळपास २ मायक्रोअँप खातो. दहा मेगाओहमचा लावा, नाहीतर मध्ये बफर घ्या.

उपाय असा की चिपला कपॅसिटर थेट जोडू नका. मध्ये हिस्टेरेसिसवालं (चालू आणि बंद व्हायचं व्होल्टेज वेगळं असलेलं) स्विच टाका, ३.३ ला चालू आणि २.२ ला बंद, आणि स्विच बंद असताना पलीकडे एक नॅनोअँपही जाऊ देऊ नका. पॉवर मॅनेजमेंटच्या चांगल्या चिपांवर 'बॅटरी ओके' अशी पिन असते, ती यासाठीच. मग कपॅसिटर पुरतो का ते बघा. १०० मायक्रोफॅरड ३.३ वरून २.२ ला उतरताना साधारण ३०० मायक्रोज्यूल देतो. यात तुमचं उठणं, मोजणं आणि पाठवणं बसलं पाहिजे. आणि तो सिरॅमिक असेल तर डेटाशीटमधला डीसी बायसचा (लावलेल्या व्होल्टेजप्रमाणे क्षमता किती घटते त्याचा) आलेख काढा. छापील १०० मायक्रोफॅरडमधले ३.३ व्होल्टला निम्म्याहून कमी उरू शकतात.

अजून एक, बोर्ड नीट धुतला होता का? सोल्डरिंगनंतर राहिलेला फ्लक्स आणि बोटांचे ठसे दमट हवेत गळती करतात. मिलिअँपच्या दुनियेत हे कुणाच्या गावीही नसतं, इथे त्यावर नोड जगतो किंवा मरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून, वाळवून परत मोजा.

सूक्ष्मवॅट

निर्वात, करवतीचे दात अगदी तसेच दिसतात! स्विच नाहीये मध्ये. रिव्हिजनमध्ये टाकतोय.

बिंदुमाधव

मी वाट सोडलेल्यांपैकी, म्हणून लिहितो. तापमानाच्या फरकावर चालणारं अंगावरचं उपकरण, हा माझा विषय होता. गणित थोडक्यात देतो. त्वचा ३४ अंश, हवा २२, फरक १२ चा दिसतो, पण मॉड्यूलच्या दोन बाजूंमध्ये उरतो जेमतेम एखादा अंश, कारण बाकीचा सगळा फरक त्वचा आणि हवेच्या थरातच खर्च होतो. बिस्मथ टेल्युराइडच्या १२७ जोड्यांचं नेहमीचं मॉड्यूल अंशाला सुमारे ५० मिलिव्होल्ट देतं. एलटीसी३१०८ सारखी व्होल्टेज वाढवणारी चिप २० मिलिव्होल्टलाही सुरू होते, त्यामुळे वीज मिळते हे खरंच. पण माणूस गरम खोलीत गेला की ती बंद, आणि फरक वाढवायला मोठा हीटसिंक लावला तर ते मनगटावर कुणी घालणार नाही.

तिथून मी बॅटरी मॅनेजमेंटमध्ये आलो आणि खूश आहे. सूक्ष्मवॅट, नोकऱ्यांच्या जाहिरातींत 'एनर्जी हार्वेस्टिंग इंजिनियर' शोधलंत तर फारसं काही सापडणार नाही. पण 'अल्ट्रा लो पॉवर फर्मवेअर', 'पॉवर मॅनेजमेंट आयसी', 'वायरलेस सेन्सर हार्डवेअर' असं शोधा, तेच काम वेगळ्या पाट्यांखाली सापडेल. मला घेणाऱ्यांनी मुलाखतीत हार्वेस्टरबद्दल एक प्रश्न विचारला नाही. गळतीचा करंट कसा मोजला, यावरच अर्धा तास घेतला.

मोकळेपणाने सांगायचं तर तरुण वयात एकाच अरुंद विषयाला स्वतःला बांधून घेऊ नये असं मला वाटतं.

धातुविद

बिंदुमाधव, तुमचा अनुभव मान्य. पण सगळ्यांनीच रुंद व्हायचं ठरवलं तर अरुंद ठिकाणी खणणार कोण? एनओशनच्या बटणातली यंत्रणा, एलटीसी३१०८, हे अरुंद विषयाला वर्षानुवर्षं चिकटलेल्या माणसांचं काम आहे.

बिंदुमाधव

खणावं, नक्की खणावं. पण ज्याला नोकरी टिकवायची आहे त्याला हे सांगताना जबाबदारीने सांगावं एवढंच. मोठ्या कंपनीच्या किंवा विद्यापीठाच्या आधाराने खणणं वेगळं, आणि लहान कंपनीत प्रॉडक्टच बदलत असताना खणणं वेगळं.

अव्यक्त

माझ्यासारख्या नवशिक्याने सुरुवात कुठून करावी? सिम्युलेशन सॉफ्टवेअर शिकू का?

निर्वात

सिम्युलेशन नंतर. आधी मायक्रोअँप मोजणारं एखादं साधन मिळवा, नॉर्डिकचं पॉवर प्रोफायलर किट किंवा जूलस्कोप, कॉलेजच्या लॅबमध्ये असेल तर उत्तम. एक साधा ब्लूटूथ सेन्सर घ्या आणि तो झोपेत किती खातो, उठताना किती, पाठवताना किती, हा आलेख स्वतः काढा. मग त्यातला एकेक भाग कमी करा. झोपेतला करंट डेटाशीटपेक्षा जास्त का येतोय, हे शोधताना जे शिकाल ते कुठल्याही कोर्सात नाही. कधी मोकळी सोडलेली पिन निघते, कधी पुलअप, कधी व्होल्टेज मोजायला लावलेली रेझिस्टरची जोडी.

त्यापुढे जायचं असेल तर मध्येच वीज गेली तरी हिशोब न विसरणारं फर्मवेअर लिहून बघा. टीआयच्या एमएसपी४३० एफआर मालिकेत वीज गेली तरी न विसरणारी एफरॅम मेमरी असते. तिच्यात लिहायला फ्लॅशच्या मानाने नगण्य ऊर्जा लागते, त्यामुळे वीज जाण्याआधी प्रोग्रॅमची स्थिती ठेवता येते. या विषयावर भरपूर संशोधन चालू आहे आणि घरी बसून करून बघता येतं.

रोहिणी

मागणीच्या बाजूने थोडी भर. युरोपियन युनियनच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीनुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून छोट्या उपकरणांमधली बॅटरी, काही अपवाद सोडून, वापरणाऱ्याला सहज काढता आणि बदलता आली पाहिजे. सॅमसंगने २०२१ पासून टीव्हीचे प्रकाशावर चार्ज होणारे रिमोट आणलेत. मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या ३जीपीपीने 'अँबियंट आयओटी' म्हणून बॅटरीशिवाय चालणारी उपकरणं विचारात घेतली आहेत. म्हणजे 'आता येईलच' हे या वेळी थोडं खरं होतंय, असं नाही का वाटत?

जुना तंत्रज्ञ

रोहिणी, चांगली माहिती. फक्त युरोपचा नियम जपून वाचा. तो 'बदलता येणारी बॅटरी' मागतो, 'बॅटरी नको' असं म्हणत नाही. बरेच जण झाकणाला स्क्रू लावून मोकळे होतील. पण ज्या उपकरणाला पाण्यापासून बंदिस्त ठेवायचंय त्याचे डिझायनर हार्वेस्टिंगकडे नव्याने बघतील, एवढं नक्की. रिमोटचं उदाहरण मला जास्त मोलाचं वाटतं. रिमोट दिवसातून थोडा वेळ चालतो, बाकी वेळ उजेडात पडून असतो, आणि आतली रिचार्जेबल बॅटरी दोन्हींमधली तफावत भरून काढते. बॅटरी की हार्वेस्टर असा वाद घालण्यापेक्षा हा मधला मार्ग बऱ्याच ठिकाणी जिंकेल.

ओहम

थोडं अवांतर. मोबाइल टॉवर, वायफाय यांच्या हवेतल्या लहरींतून फोन चार्ज होईल का?

चक्रधर

नाही. ९१५ मेगाहर्ट्झवर ४ वॅट प्रभावी पॉवरने मुद्दाम तुमच्याकडे रोखून पाठवलं तरी १० मीटरवर साध्या अँटेनाला मिळतात सुमारे २७ मायक्रोवॅट. आरएफआयडीच्या टॅगला तेवढं पुरतं. इकडेतिकडे पसरलेल्या लहरींतून मिळतं त्याहून कितीतरी कमी. फोनला वॅट लागतात.

धातुविद

अवांतर निघालंच आहे तर: १९७७ मध्ये सुटलेली दोन्ही व्हॉयेजर यानं झेबेक परिणामावरच चालतात. उष्णता प्लुटोनियम-२३८ ची, सुटताना प्रत्येकावर सुमारे ४७० वॅट. हे आजूबाजूची ऊर्जा वेचणं नव्हे, उष्णतेचा स्रोत बरोबर नेलाय. पण थर्मोइलेक्ट्रिक जोड्या एकही भाग न हलवता किती टिकतात याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही. १९७० मध्ये पॅरिसमध्ये अशाच तत्त्वावरचा पेसमेकरही माणसाला बसवला होता. शस्त्रक्रिया करून बॅटरी बदलावी लागते, म्हणजे जुना तंत्रज्ञ यांच्या 'बॅटरी का नाही' या प्रश्नाला तिथे पक्कं उत्तर होतं.

सूक्ष्मवॅट

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या. बोर्ड धुऊन आणि स्विच टाकून बघितलं, अंधारातून आलेले नोड आता सकाळी आपोआप उठतायत. निर्वात, मनापासून आभार.

दुसरं, कंपनीने मला निवडायला सांगितलंय. एक, हार्वेस्टरचा छोटा गट, त्यात दोनच जण उरतील आणि कंपनांच्या मॉडेलची देखभाल बघतील. दोन, सगळ्या मॉडेलना लागणारा लो पॉवरचा समान प्लॅटफॉर्म, बॅटरीचेही आणि हार्वेस्टरचेही. मन पहिल्याकडे ओढतंय. तुमचं वाचून दुसरं योग्य वाटतंय. पीएचडी सध्या बाजूला ठेवतोय.

बिंदुमाधव

दुसरं. विचार करायची गरज नाही.

धातुविद

मीही दुसरंच म्हणेन, आश्चर्य वाटेल काहींना. प्लॅटफॉर्म तुमच्या हातात असला तर हार्वेस्टरची जागा त्यात राखणारेही तुम्हीच असाल. सर्किटमध्ये इनपुटची सोय आज ठेवली नाही तर दोन वर्षांनी चांगला सेल आला तरी तो जोडायला जागा नसेल. पीएचडीचं दार मात्र लावून घेऊ नका. कामातून नेमका प्रश्न सापडला की मग जा, तो घेऊन गेलेला विद्यार्थी कुठल्याही मार्गदर्शकाला हवाच असतो.

शलाका

माझं मत थोडं वेगळं. उत्तर देण्याआधी कंपनीकडे साइटवरचा डेटा मागा. कंपनांवरचे किती नोड सलग वर्षभर बोलत राहिले, किती मध्येच गप्प झाले, आणि गप्प झालेल्यांपैकी किती यंत्रांना व्हीएफडी आहे. पुरवठ्यावर थेट चालणाऱ्या मोटरींवर ते टिकले असतील तर पहिला गट मरणारा नाही. त्याला फक्त चुकीच्या जागी विकलं गेलंय, आणि दोन माणसांत ते सुधारता येतं. तिथेही नोड गळत असतील तर दुसरं घ्या.

डेटा मिळाला की इथे टाका, नावं काढून. कंपनांच्या पट्ट्याचा आलेख असेल तर तोही. मी बघून देते.

सूक्ष्मवॅट

मागतो ताई. गेटवेच्या लॉगमध्ये प्रत्येक नोडचा शेवटचा संदेश आणि त्या वेळचं कपॅसिटरचं व्होल्टेज आहे, ड्राइव्हची माहिती प्लांटकडून घ्यावी लागेल. हाती आलं की याच धाग्यावर टाकतो.